भिंतीवर ५५ इंची डॅशबोर्ड लागलाय, पण बघत कोणीच नाही

प्रेसशॉपवाला | शुक्रवार, रात्री ९:४०

उद्या सुट्टी, म्हणून आज निवांत लिहायला बसलो. (बाहेरच्यांसाठी: आमच्या नाशिकजवळच्या सातपूरच्या कंपनीला आठवडी सुट्टी शनिवारी. रविवारी आम्ही कामावर आणि पोरं घरी. असो.)

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, प्रेस शॉपच्या प्लॅनिंगला आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतो. दीड वर्षापूर्वी मालकांनी बऱ्यापैकी पैसे घालून नवी सिस्टिम आणली. प्रत्येक प्रेसजवळ टचस्क्रीन आणि शॉपच्या दारात मोठा टीव्ही, त्यावर लाल-हिरवे गोल. पहिला महिना सगळे कौतुकाने बघायचे. आता त्या टीव्हीच्या स्टँडला हेल्मेटं टांगतात.

गेल्या आठवड्याच्या मीटिंगला मालकांनी साधा प्रश्न विचारला: मागच्या महिन्याचं रिजेक्शन (बाद झालेला माल) किती? प्रॉडक्शन म्हणालं १.८ टक्के. क्वालिटी म्हणाली ३.१. अकाउंट्सने भंगाराच्या वजनावरून काढलं ते ४ च्या वर. टीव्हीवर २.४. तिन्ही खात्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की टीव्ही चुकीचा आहे. मग प्रत्येकाने आपापली एक्सेल काढली आणि मीटिंग पाऊण तास लांबली.

शेवटी मालक माझ्याकडे वळले. "तुला एक्सेल येतं ना? मग हे तू बघ." झालं, मी कंपनीचा डेटावाला झालो.

सिस्टिम पुरवणाऱ्यांनी दोनदा ट्रेनिंग दिलंय. लोक आले, समोसा खाल्ला, सही केली, गेले. तिसरं ट्रेनिंग ठेवायचं माझ्या जिवावर आलंय. तुमच्यापैकी कोणी हे निस्तरलंय का? कुठून सुरुवात करू?

---

शेवचिवडा | शुक्रवार, रात्री ९:५८

टीव्हीवर मॅच लावा. बघतील.

---

गोदाकाठी | शुक्रवार, रात्री १०:१५

ट्रेनिंग अजिबात नको. लोकांना सिस्टिम येत नाही म्हणून ते वापरत नाहीत, हे गृहीतकच मला पटत नाही. तुमच्या ऑपरेटरला फोनवर यूपीआय कोणी शिकवलं? कोणी नाही. कामाची गोष्ट होती, आपोआप आली.

मी अंबडला एका कारखान्यात पर्चेसला होते तेव्हा आम्ही इतकंच केलं. प्रत्येक खात्याला विचारलं, "सकाळी आल्यावर पहिला फोन कुणाला करता आणि काय विचारायला?" स्टोअरचा माणूस रोज गेटला फोन करून विचारायचा, कॉइलचा (पत्र्याच्या गुंडाळीचा) ट्रक आला का. डिस्पॅचवाला क्वालिटीला विचारायचा, अमुक लॉट सुटला का. असे सहा-सात फोन निघाले. त्यातल्या दोन फोनांची उत्तरं कम्प्युटरवर दिसतील इतकंच पहिल्यांदा केलं, बाकीचं तसंच ठेवलं. महिन्याभरात ते दोन फोन बंद झाले. मग उरलेले लोक स्वतः म्हणायला लागले, आमचंही करा.

तुमच्या टीव्हीवरचे लाल-हिरवे गोल कोणत्या फोनचं उत्तर देतात?

---

प्रेसशॉपवाला | शुक्रवार, रात्री १०:३१

खरं सांगू? एकाही नाही. ते गोल सिस्टिमवाल्यांच्या डेमोत होते, तेच तसेच राहिले.

---

हिशोबनीस | शनिवार, सकाळी ८:०५

तीन आकडे आले म्हणजे तिघांपैकी दोन खोटं बोलतायत असं नाही. तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतायत. हे आधी उलगडा. माझा अंदाज: प्रॉडक्शन सेटिंगचे पीस (मशिन लावताना चाचणीला काढलेले) धरत नाही. क्वालिटी रिवर्कला (दुरुस्तीला) गेलेला माल पण रिजेक्शनमध्ये धरते, मग तो नंतर पास होऊन गेला तरी. आणि अकाउंट्सच्या भंगारात पत्र्याचं कटिंग, शेवटचे तुकडे, सगळंच येतं.

एक पानभर कागद करा. वर लिहा "रिजेक्शन म्हणजे काय". खाली चार ओळी, साध्या मराठीत. सेटिंगचा पीस: धरायचा का नाही. रिवर्क: कधी धरायचा. त्यावर तिन्ही खातेप्रमुखांच्या सह्या घ्या. भांडणं त्या कागदावर होऊ द्या, दर महिन्याच्या आकड्यावर नको.

आणि थर्ड शिफ्टची एंट्री कोणत्या तारखेला पडते ते बघितलंय का?

---

जुना गडी | शनिवार, सकाळी ११:२०

मी ओझरला ३१ वर्षं काढली, आता रिटायर. कम्प्युटर येण्याआधीचा माणूस आहे, त्यामुळे पटलं तर घ्या.

आमच्या शॉपमध्ये मशिनला एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर आलेखाचा कागद, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. ऑपरेटर तासातासाला पाच पीस मोजून ठिपका मारी. वरची रेघ, खालची रेघ. ठिपका रेघेबाहेर गेला की मशिन थांबवायचं, आत असेल तर हात लावायचा नाही. ही पद्धत शूहार्ट नावाच्या माणसाने १९२४ साली अमेरिकेत बेल कंपनीत काढली. शंभर वर्षं झाली. तुमच्या डॅशबोर्डवर त्या रेघा आहेत का? नसतील तर साहेब रोजच्या चढउतारावर ओरडणार आणि लोक त्याकडे पाठ फिरवणार. काल २.१ होतं, आज २.३ झालं, याला काही अर्थ नसतो.

पण मुख्य मुद्दा रेघांचा नाही. ठिपका मारणारा आणि ठिपका बघणारा एकच होता. तुमचा ऑपरेटर स्क्रीनवर बोट लावतो आणि आकडा कुठल्या तरी ढगात जातो. त्याला परत काय येतं?

आणि एक करा. रविवारी शिफ्ट सुटायच्या वेळी स्क्रीनजवळ नुसतं उभं राहा. काही बोलू नका. बोट कुठे जातं ते बघा.

---

बाइटभाऊ | शनिवार, दुपारी १:४४

पुठ्ठा-पेन्सिल वाचून डोळे पाणावले. 🙂 पण २१ वे शतक चालू आहे मंडळी. डेटा क्लाउडवर टाका आणि वर एआय बसवा. मालकाने मराठीत विचारायचं, "कालचं रिजेक्शन का वाढलं?", उत्तर हजर. डॅशबोर्डच लागणार नाही.

---

हिशोबनीस | शनिवार, दुपारी २:०२

तीन खात्यांचे आणि टीव्हीचा असे चार आकडे त्याच्यापुढे ठेवल्यावर तो पाचवा सांगेल. आणि इतक्या गोड भाषेत सांगेल की मालकांना तोच खरा वाटेल.

---

द्राक्षमळा | शनिवार, रात्री ८:३०

वेगळ्या धंद्यातलं सांगतो, पण दुखणं तेच.

मी पिंपळगावकडे एका पॅकहाउसला सुपरवायझर. युरोपात द्राक्ष पाठवायचं तर अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीवर सगळं चढवावं लागतं: बागेची नोंदणी, औषधांच्या अंशांचा लॅब रिपोर्ट, कोणत्या बागेचा माल कोणत्या खोक्यात. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांवरून युरोपात आपले कंटेनर अडकले होते ते बागायतदार विसरलेले नाहीत. त्यामुळे ग्रेपनेटला कोणी नको म्हणत नाही. त्याशिवाय माल हलतच नाही.

पण आमची स्वतःची जी नोंद होती, म्हणजे कोणाच्या बागेतून किती क्रेट आले, त्यातला किती एक्स्पोर्टला गेला, किती लोकलला पडला आणि का पडला, ती नुसती बोंब होती. छाटणाऱ्या बाया संध्याकाळी दमून अंदाजे आकडे सांगायच्या, पोरगं टाइप करायचं. "का पडला" या रकान्यात सरसकट "साइज कमी".

दोन हंगामांपूर्वी एकच बदल केला. संध्याकाळी सातला प्रत्येक बागायतदाराला त्याच्या बागेची चिठ्ठी व्हॉट्सअपवर. इतके क्रेट, इतकं एक्स्पोर्ट, इतकं लोकल, कारण अमुक. अहो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन सुरू! "माझं साइज कमी कसं, मी स्वतः रिंगने मोजून तोडलंय." जाऊन बघितलं तर खरोखर मणी फुटलेले होते, साइजचा प्रश्नच नव्हता. आठवडाभर शिव्या खाल्ल्या. मग काय झालं, छाटणीच्या टेबलावरच बाया नीट वेगळं ठेवू लागल्या, कारण त्यांना माहीत की उद्या मालक येऊन विचारणार आहे. नोंद सुधारायला आम्ही एक रुपयाचं सॉफ्टवेअर घेतलं नाही. ज्याचा आकडा होता त्याला तो परत दिला, बस.

---

टंकलेखिका | रविवार, सकाळी १०:१२

द्राक्षमळा, तुमच्या बाया भाग्यवान. मी एका कार्यालयात भरणाऱ्यांपैकी आहे (कुठलं ते विचारू नका). एकच माहिती चार ठिकाणी भरते. आठ वर्षांत एकदाही कोणी "तुम्ही भरलेल्यातून हे निघालं बघा" असं दाखवलेलं नाही. फोन येतो तो फक्त "अजून पेंडिंग दिसतंय" म्हणून. मग मीही पेंडिंग दिसणार नाही इतपतच भरते. कबूल करते.

नावांचा एक त्रास कोणाला माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या जुन्या याद्या श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टमध्ये) होत्या, त्या युनिकोडमध्ये आणल्या. त्यात बोऱ्हाडे आडनावाची माणसं एकदा सापडत, एकदा नाही. दिसायला अक्षर तंतोतंत सारखं. शेवटी कळलं की हा "ऱ्ह" दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात वेगळा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला एक, कम्प्युटरला दोन माणसं. एक्सेलचा व्हीलूकअप (नाव शोधून जुळवणारं सूत्र) मान टाकतो. कुऱ्हाडे, गोऱ्हे, सगळ्यांचं तेच. आमच्या जिल्ह्यात बोऱ्हाडे काय कमी आहेत का! वरचे साहेब म्हणाले, "डेटा एंट्रीच्या चुका आहेत." चूक नव्हती हो.

---

गोदाकाठी | रविवार, सकाळी १०:४०

टंकलेखिका, बाप रे. हे मला आज कळलं. आमच्या व्हेंडर यादीत एकच वऱ्हाडे दोनदा का दिसायचे, याचं उत्तर पाच वर्षांनी मिळालं.

---

खवचट | रविवार, सकाळी ११:१५

एक्सेलला नावं ठेवणाऱ्यांसाठी आणि एक्सेलवर जीव टाकणाऱ्यांसाठीही: २०२० साली इंग्लंडच्या आरोग्य खात्याचे सुमारे १६ हजार करोना रुग्ण आठवडाभर आकडेवारीत आलेच नव्हते. लॅबचा डेटा जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फायलीत ओढला जात होता. त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. पुढचं कापलं गेलं, कोणाला पत्ता नाही. नव्या प्रकारात १० लाख ४८ हजार ५७६ ओळी मावतात. तुमच्या सिस्टिममधून "एक्स्पोर्ट" दाबल्यावर कोणती फाइल येते ते एकदा बघून घ्या.

आणि पार्ट नंबर ३-१२ असा असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. जनुकांवर काम करणाऱ्यांनी २०२० साली चक्क जनुकांची नावं बदलली, कारण मार्च आणि सेप्टने सुरू होणाऱ्या नावांच्या तारखा होत होत्या. आपण कोण लागून गेलो. आधी तो कॉलम टेक्स्ट करा, मग पेस्ट करा.

---

प्रेसशॉपवाला | रविवार, रात्री १०:५०

जुना गडी, तुमच्या पाया पडायला ओझरला यायचंय.

आज दुपारी तीनला, पहिली शिफ्ट सुटताना, सात नंबर प्रेसजवळ उभा राहिलो. तीन वीसला ऑपरेटर काकांनी हातमोजा काढला, बोट पुसलं. बिनमध्ये १४ पीस रिजेक्ट पडले होते. स्क्रीनवर "रिजेक्शन कोड" दाबलं. यादी उघडली. चौसष्ट कोड, तीन पानं, सगळे इंग्रजीत. खाली सरकवायला गेले तर तेलकट बोटाने स्क्रीन ऐकेना. गेटवर बस लागलेली. काकांनी वरचा पहिला कोड दाबला, १४ टाकलं, निघाले.

पहिला कोड आहे ०१, डेंट.

आता ऐका. दीड वर्ष आमच्या टीव्हीवरच्या आलेखात सगळ्यात उंच दांडा डेंटचा आहे. मार्चमध्ये आम्ही त्यासाठी रबर लावलेल्या नव्या ट्रॉल्या घेतल्या. डेंट एक टक्काही उतरला नाही. मीटिंगमध्ये दोष कुणाला, तर माल हलवणाऱ्या पोरांना. मी स्वतः त्यांच्यावर ओरडलोय.

ते १४ पीस मी हातात घेऊन बघितले. डेंट एकावर होता. अकरांना बर होती, कडेला बोट फिरवलं तर कापेल इतकी. म्हणजे डाय (पत्रा कापणारा साचा) बोथट होऊन ग्राइंडिंगला आलीय. दोन पीसना होल सरकलेलं.

काकांना विचारलं, तुम्ही डेंट का टाकलं? म्हणाले, "साहेब, काय टाकलं तरी कोण बघतंय?"

---

जुना गडी | रविवार, रात्री ११:०५

पाया नको. काकांना चहा पाज. आणि त्या पोरांनाही.

---

प्रेसशॉपवाला | सोमवार, रात्री ९:२०

हिशोबनीस, तुमचा थर्ड शिफ्टचा प्रश्न. आज तपासलं. आमची थर्ड रात्री ११ ते सकाळी ७. सिस्टिम घड्याळाप्रमाणे तारीख टाकते, म्हणजे एक तास आजचा आणि सात तास उद्याचे. रजिस्टरमध्ये सगळे आठ तास शिफ्ट सुरू झाली त्या तारखेला. म्हणून रोजचा आकडा कधीच जुळत नव्हता.

पण खरी गंमत शुक्रवारच्या रात्रीची. तिचे सात तास शनिवारच्या तारखेला पडतात. शनिवार आमची सुट्टी. आणि डॅशबोर्ड बनवताना कोणीतरी "सुट्टीचे दिवस वगळा" असं टिक करून ठेवलंय. दर आठवड्याला सात तासांचं प्रॉडक्शन टीव्हीवर जन्मालाच येत नाही! थर्डवाले कधीपासून सांगत होते, "आमचे नग कमी दिसतात." आम्ही म्हणायचो, तुम्ही झोपता.

---

हिशोबनीस | सोमवार, रात्री ९:३३

"शिफ्ट दिनांक" असा वेगळा कॉलम लावून घ्या. सकाळी सातच्या आधीची वेळ असेल तर आदल्या दिवसाची तारीख. एका ओळीचं काम आहे, एक्सेलच्या पॉवर क्वेरीत तुम्ही स्वतः करू शकाल. मूळ वेळेच्या कॉलमला मात्र हात लावू नका.

---

बाइटभाऊ | सोमवार, रात्री १०:१०

ठीक आहे, माझे शब्द अर्धे मागे. डेंटवर बसवलेला एआय डेंटच सांगणार. पण ती एका ओळीची पॉवर क्वेरी लिहून घ्यायला त्यालाच विचारा, पाच मिनिटांत देतो. शुक्रवारच्या रात्रीवर तपासून मगच वापरा.

---

खवचट | सोमवार, रात्री १०:२५

एक इशारा देऊन ठेवतो. तुम्ही कोड सुधारलेत की रिजेक्शनचा आकडा आधी वाढणार, कारण लपलेलं बाहेर येईल. त्या दिवशी मालक ओरडले तर सगळं मुसळ केरात. ज्या आकड्यावर बोलणी बसतात तो आकडा लोक सुधारतात, काम नाही. गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं, त्याचा विषय पैशांचा होता. मालकांना आधीच, एकटं गाठून सांगा.

---

शेवचिवडा | सोमवार, रात्री १०:४०

मालकांना रविवारी सकाळी मिसळ खायला न्या, तिथे सांगा. पोट भरल्यावर माणूस ऐकतो. कुठली मिसळ ते विचारू नका, धाग्याचं काश्मीर होईल.

---

प्रेसशॉपवाला | चार आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९:१५

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून सांगतो. सगळं झालेलं नाही.

चौसष्टचे कोड प्रत्येक प्रेसला सहा किंवा सात केले. ऑपरेटर, क्वालिटीच्या मॅडम आणि मी, तिघं बसून. नावं त्यांच्याच तोंडातली: बर, डेंट, चीर, सुरकुती, होल सरकलं, सेटिंग पीस. प्रत्येकाशेजारी फोटो. बटण इतकं मोठं की तेलकट अंगठाही चालेल. "इतर" सगळ्यात शेवटी ठेवलंय, आणि ते दाबलं तर पीस बाजूला ठेवायचा, मी येऊन बघणार. पहिल्या आठवड्यात रोज दहा-बारा "इतर" यायचे, आता दिवसाला एखाद-दुसरा.

टीव्ही सोडून दिला. रोज सकाळी साडेसातला प्रत्येक प्रेससाठी एक ए-फोर कागद छापतो: कालच्या तिन्ही शिफ्टचे नग, रिजेक्शन, कारण, आणि ग्राइंडिंगनंतर डायचे किती स्ट्रोक झाले. मशिनला चिकटवतो. खाली दोन रिकाम्या ओळी, त्यावर ऑपरेटरने काहीही लिहावं. पहिले चार दिवस कोरं आलं. पाचव्या दिवशी सात नंबरच्या काकांनी लिहिलं, "कॉइल बदलली की पहिले २० पीस बर येते. स्टोअरला सांगा." सांगितलं. दोन पुरवठादारांच्या पत्र्याच्या जाडीत फरक निघाला, दोन्ही टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) आत असूनही. हे मला कुठल्याच दांड्यात दिसलं नसतं.

बर आता पहिल्या नंबरला, डेंट चौथ्या. टूलरूमशी (डाय ग्राइंड करणाऱ्यांशी) भांडण झालं, कारण ग्राइंडिंग लांबत होतं हे आता सगळ्यांना दिसतंय. त्यांचंही खरं आहे, दोनच माणसं आहेत तिथे.

खवचट म्हणाले तेच झालं. दुसऱ्या आठवड्यात रिजेक्शन ३.४ ला गेलं. मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं (मिसळ नाही, चहावर), तरी एकदा आवाज चढलाच. मग तीन वर्षांची भंगाराची बिलं पुढे ठेवली. भंगार वाढलेलं नाही, फक्त दिसायला लागलंय, हे वजनावरून पटलं. या आठवड्याला २.९ आहे. जुना गडींच्या हिशोबाने अजून यावर बोलायला नको.

सह्यांचा कागद अडकलाय. रिवर्क धरायचं का नाही यावर क्वालिटी आणि प्रॉडक्शन अजून हटून आहेत. सध्या दोन वेगळ्या ओळींत छापतो.

ट्रॉल्यांवरच्या पोरांची माफी मागितली. ती नुसती हसली.

---

टंकलेखिका | शुक्रवार, रात्री ९:४८

त्या दोन रिकाम्या ओळी मला फार आवडल्या. कागदाचा नमुना व्यनि कराल का? आमच्याकडे वरून कोणी देणार नाही, मीच माझ्या टेबलाला चिकटवीन.

---

प्रेसशॉपवाला | शुक्रवार, रात्री ९:५५

केला. नाव-गाव काढून टाकलंय, तुमच्या सोयीने बदला.

---

द्राक्षमळा | शुक्रवार, रात्री १०:०२

आणि टीव्हीचं काय केलंत?

---

प्रेसशॉपवाला | शुक्रवार, रात्री १०:०६

कॅन्टीनला लावला. शेवचिवडा, तुम्ही म्हणालात तेच. मॅच चालू असते, सगळे बघतात.